तिळाखालची रेघ

ईराच्या डाव्या बरगडीखाली निळ्या पेनाची एक रेघ असते. माझी ईरा तीन वर्षांची, सिकलसेलची. पानथरीचा, म्हणजे प्लीहेचा, काठ हाताला लागतो, तिथं ती रेघ. रोज सकाळी बोटं ठेवून पाहायचं. काठ रेघेखाली उतरला, तर थेट दवाखाना. बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या सिकलसेल परिवारांच्या गटानं हे शिकवलं. आठच्या आत रेघेचा फोटो गटावर टाकायचा आणि गटातल्या मीनाक्षीदीदींनी तो पाहायचा, हा नेम. त्यांचा अर्जुन एका दुपारी नुसता झोपला होता. संध्याकाळपर्यंत त्याच्या अंगातलं रक्त पानथरीत साचलं आणि तो गेला. तेव्हा त्यांना कुणी रेघ सांगितली नव्हती.

आज माझ्या नणंदेला, अपर्णाला पाहायला नागपूरहून पाहुणे येणार होते. मी पोह्यांत, म्हणून ईराला सासूबाईंनी न्हाऊ घातलं. फोटोपुरती मी बोटं टेकवली. काठ बरोबर रेघेवर. हुश्श झालं.

पाहुणे आले. ईरा माझ्या मांडीवर पेंगायला लागली.

"पोट्टी भारीच शांत आहे वो," पाहुण्या बाई हसल्या. "आमच्या घरी तं वानरं आहेत!"

ईरा कधीच शांत नसते. मी तिचा ओठ खाली ओढून पाहिला. आतून पांढरा.

तेवढ्यात मीनाक्षीदीदींचा फोन आला. "देवश्री, मी कालचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवून पाहून राहिले. काल पोटावरचा तीळ रेघेच्या खाली होता. आज वर आहे. तीळ तर सरकत नाही ना, बेटा?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. "आई, रेघ कोणी मारली?"

त्यांच्या हातातला ट्रे तिथंच थांबला. "तेल लावताना पुसल्या गेली वो. तू बोलशील म्हणून मीच मारली. तुले रोज पाहतो ना मी. हाताले जिथं लागलं, तिथंच मारली. बरोबर मारली ना?"

बरोबरच मारली होती. आज काठ जिथं उतरला होता, त्या जागी.

पाहुण्यांसमोर मी ईराचा फ्रॉक वर केला. पोट टणक होतं. काठ आता नव्या रेघेच्याही तीन बोटं खाली.

"काय झालं पोरीला?" पाहुण्या बाईंनी विचारलं.

सासूबाईंनी मान हलवून मला खुणावलं: सांगू नको.

"सिकलसेल आहे तिले," अपर्णा उठत म्हणाली. "वहिनी, बस गाडीवर."

फोन अजून चालूच होता. "निघा, निघा. रक्त द्यायले चौघं घेऊन मी दवाखान्याच्या गेटवर उभी राहते."

अपर्णानं रेशमी साडी गुडघ्यापर्यंत खोचून स्कूटी काढली. भनपुरीच्या चौकात ट्रकांची रांग अडकली होती. ती हॉर्नवरून हात काढेना. "भैया, हटो ना! बच्ची है!"

"ईरा, आईकडे बघ."

तिनं डोळे उघडले नाहीत. माझा हात फ्रॉकखाली होता. घरून निघताना रेघ आणि काठ यांच्यात तीन बोटं मावत होती.

चौकातच चौथं मावलं.