मानेवरचा काळा पट्टा

दीक्षाच्या मानेवरचा काळा पट्टा काही केल्या निघत नव्हता. तिच्या आईनं, प्रीतीनं, बेसन लावलं, लिंबू चोळलं. शाळेतल्या पोरी त्या दहा वर्षांच्या जाडजूड पोरीला 'मळकी' म्हणून चिडवायच्या. शेवटी रविवारी प्रीतीनं तिला मोरीत बसवलं आणि पाय घासायच्या वजरीनं दात खाऊन मान घासायला घेतली.

"आई, आग होतीया गं!"

"गप बस. मळ न्हाय तर काय हाय ह्यो?"

फेस लाल झाला तेव्हा कुठं तिचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी मान चिघळली. प्रीती पोरीला घेऊन मंगळवार पेठेतल्या डॉक्टरीणबाईंकडं गेली. मलम मिळालं की झालं, एवढंच तिच्या मनात. बाईंनी जखम पाहिली, मग काखा पाहिल्या, पोटाचा घेर टेपनं मोजला.

"कुणी घासलं हे?"

प्रीतीनं नजर खाली वळवली.

"मीच," दीक्षा पटकन म्हणाली.

बाईंनी मलमाची चिठ्ठी लिहिली. "हा काळा पट्टा म्हणजे मळ नाही. उद्या उपाशीपोटी रक्त द्या."

रिपोर्ट आल्यावर प्रीती पोरीला घेऊन पुन्हा बाईंकडं गेली.

"साखर अजून ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पण शरीर इन्सुलिनला दादच देत नाही. म्हणून ते जास्तच तयार होतंय, मानेवरचा पट्टा ही त्याचीच खूण. चरबी वाढली की इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरही ताण येतो. असंच चाललं तर मधुमेह लांब नाही."

घरी सासू शेवंताबाई नातीसाठी तूपसाखर लावलेली चपाती घेऊन वाट बघत होती.

"आत्या, आता हे बंद."

"का? बहात्तरच्या दुष्काळात रेशनवरची मिलो जवारी खाऊन दिवस काढलं मी. माझ्या घरात लेकराला उपाशी ठिवायचं न्हाय!"

"उपाशी न्हाय ठेवायचं. पण ह्यानंच पोरगी आजारी पडाय लागलीया!"

"खोटं बोलतीस!" म्हातारीचा आवाज गल्लीत ऐकू गेला. तिनं ताटली दीक्षापुढं सरकवली.

दीक्षानं ताटलीकडं पाहिलं, मग दोघींकडं. तिला भूक लागली होती, ते तोंडावर दिसत होतं.

"आजी, मला भाकरी दे. कोरडी."

शेवंताबाई खाली बसली. तिनं ताटली मागं ओढली. मग पदरानं डोळं पुसत म्हणाली, "पिठाचा डबा काढ, प्रीती."

पुढं घरात भांडणं थांबली नाहीत. दीक्षा कधी चोरून फरसाण खायची, कधी रंकाळा तलावावर चालायला नको म्हणून रडायची. म्हातारीच तिला हाताला धरून न्यायची. सहा महिन्यांनी रक्ताच्या तपासणीत इन्सुलिन उतरलेलं दिसलं. धोका टळला, असं मात्र बाई अजून म्हणाल्या नव्हत्या.