हत्तीचं घोरणं

मित्रांनो, मी एक जुना डबल बेस आहे. व्हायोलिनच्या घराण्यातला सगळ्यात थोराड काका म्हणा ना. व्हायोलिन हनुवटीखाली मावतं. मला वाजवायचं तर माणसाला उभं राहून मला मिठीच मारावी लागते. म्हणून मला पहिल्यांदा बघणारा आधी माझ्याकडे बघतो, मग दाराच्या रुंदीकडे, आणि मग कमरेवर हात ठेवून सुस्कारा सोडतो.

ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने पोटाला हलकं लाकूड लावलं, पाठीला चिवट. चार तारा चढवून झाल्यावर त्याने माझ्या पोटावर बोटाने टकटक केली आणि म्हणाला, ''हा बोलका निघणार.'' तो खोटं बोलला नाही. तरुणपण मी एका वाद्यवृंदात घालवलं आणि पाठीवर ओरखडे उमटल्यावर विद्यापीठाच्या संगीत विभागात आलो. तिथली सरावाची खोली हे माझं घर.

भिंतींना नुसते कान असतात. मला अख्खं पोकळ पोट आहे, त्यामुळे त्या खोलीत काय काय चालायचं ते सगळं माझ्यात साठलंय. एक बासरीवाला होता, तो सुरांपेक्षा टाळ्यांनंतर वाकून नमस्कार कसा करायचा याचाच सराव जास्त करी. एका गायिकेचा घसा नेमका पाठ तयार नसलेल्या दिवशीच बसायचा. आणि दोन पियानोवाले एकमेकांची तोंड भरून स्तुती करत, पण दार लागलं की काय बोलत, ते मी सांगणार नाही. मला अब्रू आहे.

त्या विभागात एक रीत होती. पहिल्या दिवशी मुलांनी रांगेत येऊन आपापलं वाद्य निवडायचं. शेवटी येईल त्याला मी. ''उशिरा येईल त्याला हत्ती,'' असं सगळे म्हणत. त्या वर्षी शेवटी आली ती एक किडकिडीत मुलगी. वर्गाने तिचं नाव चिमणी ठेवलं, म्हणजे जोडी पूर्ण झाली. तिच्याबरोबर तिचा दादा होता. जिन्यातून मला वर चढवताना त्याच्या तोंडाला फेस आला.

''काय गं, हे वाद्य आहे की कपाट? बासरी घेतली असतीस तर खिशात मावली असती.''

''शेवटी हाच उरला होता, दादा.''

''उरणारच. उचलायला दादा कुणाला आहे इथे?''

मित्रांनो, माझ्यात एक खोड होती. जाड तारेवर एका ठिकाणी बोट ठेवून गज ओढला, की तारेचा सूर आणि माझ्या पोटातला सूर एकमेकांशी भांडायला लागत. मग सूर सरळ न येता हेलकावत, गुरगुरत येई. वाद्यांचे जाणकार या खोडीला 'लांडगा' म्हणतात. माझ्याआधीच्या सगळ्या मुलांनी ती जागा चुकवून वाजवायला शिकून घेतलं होतं. चिमणीच्या हाताला ती पहिल्याच आठवड्यात लागली. ती दचकली, आणि मग हसत सुटली.

''दादा, ऐक! अगदी बाबा!''

तिचे बाबा रात्री ट्रक चालवत आणि दुपारी झोपत. घरात दुपारभर कुणी मोठ्याने बोलायचं नाही. आतल्या खोलीतून घोरणं ऐकू आलं, की समजायचं, बाबा सुखरूप घरी आहेत. तिने तो सूर फोनवरून बाबांना ऐकवला. ''बाबा, हा तुमचा जुळा भाऊ.''

''मी एवढा बेसूर नाही गं,'' पलीकडून उत्तर आलं. ''आणि असलोच तर तुझ्या आईला विचार, तिने कधी तक्रार केली का?''

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत बाबा गेले. बरेच दिवस चिमणी खोलीत यायची आणि मला धरून नुसती उभी राहायची. मग एक दिवस तिने गज उचलला. शेवटच्या परीक्षेत प्रत्येकाला स्वतः रचलेलं काहीतरी वाजवावं लागे. तिने रचना बांधली, 'दुपार' नावाची. त्यात पावलं न वाजवता चालणारी मुलं होती, सावकाश लावलेलं दार होतं, आणि सगळ्याच्या मध्यभागी एक लांबलचक सूर होता. कागदावर साधाच दिसायचा तो. माझ्यावर वाजला की बाबा झोपलेले असायचे.

''परीक्षेला आपण दोघं जायचं हं, हत्ती,'' ती माझ्या पोटावर सांडलेली गजाची राळ पुसत म्हणाली होती. ''हे तुझ्याशिवाय कुणाला म्हणता येणार नाही.''

मी खुळ्यासारखा विश्वास ठेवला.

परीक्षेआधी तिने ती रचना वर्गात वाजवून दाखवली. लांब सूर आला तसे तिचे सर मान वळवून म्हणाले, ''मागच्या बाकावर कोण झोपलंय रे?'' वर्ग खो खो हसला. सरांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण वर्गाबरोबर चिमणीही हसली. बाबांचं तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. मित्रांनो, मी पुष्कळ माणसं पाहिली आहेत. आपल्या दुःखावर हसणाऱ्यांत माणूस स्वतःच सामील झाला, की ओळखावं, आता हा बाजू बदलणार.

पाहुण्या कलाकारांसाठी राखून ठेवलेला एक नवा डबल बेस होता. चकचकीत, गुळगुळीत, बोलण्यात साखर. तिने तो मागून घेतला. दादाने विचारलं, ''मग हत्तीचं काय?''

''तो पडद्यामागे राहील. ऐनवेळी तार तुटली तर असावा.''

तर मी परीक्षेला गेलो, पण खोळ चढवून, पडद्यामागे, भिंतीला टेकून. तारेने मात्र तुटायचं नाव घेतलं नाही. 'दुपार' सुरू झाली. पावलं आली, दार आलं. आणि तो सूर आला, सुतासारखा सरळ. लांबत गेला आणि संपला. त्यात कुणीच झोपलेलं नव्हतं.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, ''बाकी छान आहे. पण मधला सूर एवढा लांब कशासाठी? त्यात काही घडतच नाही.''

मी खोळीत श्वास रोखून उभा होतो. आता तरी सांगेल, म्हटलं.

चिमणी म्हणाली, ''सर, मी सरावाला जे वाद्य वापरायचे ना, त्यात तिथे दोष होता. गुरगुर यायची. ती आता काढून टाकलीय. सूर आखूड करायचा राहून गेला.''

दोष.

''मग ते वाद्य दुरुस्तीला पाठवू या,'' विभागप्रमुख बाई म्हणाल्या. ''पुढच्या मुलांना कशाला त्रास?'' बाई मनाने फार चांगल्या होत्या.

चिमणी उत्तम गुणांनी पास झाली. दादा पडद्यामागे आला, पण त्याने अभिनंदन केलं नाही.

''बाबा कुठे गेले गं?''

''हळू बोल ना, दादा.''

''आई समोरच्या रांगेत डोळे मिटून बसली होती. बाबांचा सूर आला की मला सांग, म्हणाली होती. अजून वाट बघतेय. जा, तूच सांग तिला, येऊन गेला म्हणून.''

 चिमणीने माझी खोळ नीट केली. ती आधीपासून नीटच होती.

महिन्याभरात दुरुस्तीवाल्याने माझं पोट उघडलं. आतली लाकडी पट्टी काढून नवी बसवली आणि पोट पुन्हा चिकटवलं. त्या जागेवर गज ओढून तो खुशीत म्हणाला, ''घ्या, आता कुठेही बोट ठेवा.'' काम चोख होतं. त्याला मी नावं ठेवणार नाही.

पुढच्या वर्षी चिमणी आली. 'दुपार'चं ध्वनिमुद्रण करायचं ठरलं होतं आणि तिने हट्टाने मलाच मागितलं होतं. बाईंनी मला खरंच दुरुस्तीला धाडलं, हे तिला कुणी कळवलं नव्हतं. ओझं उचलायला अर्थातच दादा होता. ''आईला सांगून आलोय,'' तो धापा टाकत म्हणाला, ''या वेळी बाबांचा सूर नक्की आणतो म्हणून.''

तिने मला मिठी मारली. पावलं वाजली, दार वाजलं, बोट त्या जागेवर आलं. तिने डोळे मिटले आणि गज ओढला.

सूर सरळ आला.

तिने पुन्हा ओढला. मग जोर लावून ओढला, मग हलक्या हाताने. काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणाऱ्याने विचारलं, ''काय झालं? चांगला येतोय की!''

''नाही हो. इथे घोरणं होतं. माझ्या बाबांचं. हा घोरायचा.'' आता ती सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगत होती. ''दादा, तू तरी सांग ना. घोरायचा ना हा?''

''घोरायचा,'' दादा म्हणाला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

मलाही गुरगुरून हो म्हणायचं होतं. पण मी दुरुस्त झालो होतो.

मित्रांनो, वाद्याला उन्हात ठेवू नका, राळ पुसत जा, जिन्यात आपटू नका. हे तुम्हाला सगळेच सांगतील. मी एवढंच सांगेन, की चारचौघांसमोर आपल्या माणसाला दोष म्हणू नका. ऐकणारे फार चांगले असतात. ते लगेच त्याला दुरुस्तीला धाडतात.