चाळीस गुणांचं गुलाबी जहाज

गुलाबी लढाऊ जहाज कुणी पाहिलंय?

ढाल, पंधरा गुण. लांब पल्ल्याची तोफ, पंधरा. दुरुस्तीची टोळी, दहा.

खुर्चीला चाकं असली की न उठताही वळता येतं.

कवळीचं मेण नखात गेलं की आठवडाभर तिथंच मुक्काम करतं.

ही सगळी एकाच माणसाच्या डोक्यातली अडगळ. शनिवारी सकाळी तो जेवणाच्या टेबलावर ढाल-तोफांचे पत्ते मांडून बसला होता. सव्वीस वर्षं त्यानं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवल्या. मग दात कोरणारं यंत्र आलं आणि त्याला नारळ मिळाला. निरोप द्यायला साहेब खुर्चीतून उठलासुद्धा नाही. बसल्याबसल्या वळला, पुढचे दात दाखवून हसला आणि म्हणाला, "या मग." तोंडावर त्याला साहेब म्हणायचं, मनात अरेतुरे, पण त्या दिवशी जो डूख धरला तो धरलाच.

उद्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत तारायुद्धाचा अंतिम डाव होता, आणि समोर साहेब. टेबलावर छोटी जहाजं मांडून खेळायचा खेळ. मुख्य जहाजाला चाळीस गुण. त्यात काय बसवायचं ते चिठ्ठीवर लिहून जहाजाखाली ठेवायचं, मग बदल नाही. आणि मंडळाचा रिवाज असा, की ज्याचं मुख्य जहाज गारद होईल त्यानं उभं राहून समोरच्याला सलाम करायचा.

त्याला तेवढंच हवं होतं. चषक गेला खड्ड्यात.

तोफ म्हणजे फासे आले, आणि फाशांनी त्याला आजवर दगाच दिलेला. त्यानं तोफ बाजूला सारली, ढालही सारली. दुप्पट इंजिन, वीस. धडकेचं टोक, वीस.

बायकोनं जाता जाता चिठ्ठी वाचली. "अहो, धडक दिली की आपलंही जातं ना?"

"जातं. पण त्याला फासे लागत नाहीत."

"मग परत यायचं कसं?"

"परत यायचंय कुणाला?"

"बरं. उद्या एकटीपुरताच स्वयंपाक करते," ती म्हणाली.

रविवारी समोर आलेलं साहेबाचं जहाज यंत्रातून निघालेलं, करडं, गुळगुळीत. याचं कवळीच्या उरलेल्या मसाल्याचं, हिरड्यांसारखं गुलाबी. बुरुजांच्या जागी दाढा. चावायला आलात की काय, असं साहेबानं विचारलं आणि मंडळी हसली. यानं चिठ्ठी जहाजाखाली सरकवली.

साहेबाच्या तोफांनी दोन फेऱ्यांत गुलाबी जहाज खिळखिळं केलं. तिसऱ्या फेरीत ते थेट करड्या पोटात घुसलं. पंचानं चिठ्ठी वाचली आणि दोन्ही जहाजं टेबलावरून उचलली.

"दोघांनीही उठायचं," पंच म्हणाला.

हा आधीपासूनच उभा होता. लॅबमधल्या पॉलिशच्या मोटारीपाशी सव्वीस वर्षं उभाच राहिला होता. साहेबानं पंचाकडे पाहिलं, मग नियमांच्या कागदाकडे. मग खुर्ची मागे सरकली. तो करकर आवाज यानं पुरता ऐकून घेतला. साहेबानं हात कपाळाला लावला. हसला मात्र नाही.

साहेबाचे पुढचे सहा दात यानंच घडवले होते, अकरा वर्षांपूर्वी. रंग मनासारखा येईना म्हणून तीनदा.