पूजेसाठी काढलेल्या चिंध्या

१९९३ सालची ती आयुधपूजा. कोइंबतूरला आमच्या गल्लीच्या टोकाशी वेलुचामींची लहानशी फाउंड्री होती. भट्टीतला लोखंडाचा रस भांड्यातून साच्यांपर्यंत नेणारी फोर्कलिफ्ट एकच आणि ती चालवणारा आरुकुट्टीही एकच.

ज्या तेलाच्या दाबावर गाडी भांडं उचलून धरे, त्या तेलाच्या नळ्यांवर आगीत न जळणाऱ्या कापडाचं जाड आवरण असे. काळंकुट्ट, तेलकट. पूजेच्या आदल्या दिवशी वेलुचामींनी ते काढायला लावलं.

"देवीपुढे हिला चिंध्या नेसवून उभी करू का?"

मग गाडी धुतली, जमीन धुतली, चंदन-कुंकू लागलं, झेंडूच्या माळा चढल्या. साऱ्या गल्लीनं प्रसादाची हरभऱ्याची उसळ, सुंडल, खाल्लं.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी, मुहूर्ताचं ओतकाम. आरुकुट्टी आवरण घेऊन वेलुचामींपुढे आला; मालकांना तो अय्या म्हणे.

"अय्या, आधी हे बांधतो."

"लग्नातलं वेष्टी-धोतर जपावं तसं जपतोस की रे! मुहूर्त टळतोय. एक खेप मार, मग बांध."

वेलुचामींची बायको रामात्ताळ प्रसाद घेऊन आली होती. ती म्हणाली, "मी चुलीवरचं पातेलं उतरवताना फडकं धरते. सणावाराला धरू नको म्हणाल? विस्तव काही पंचांग बघत नाही."

"अम्मिणी," वेलुचामी बायकोला लाडानं म्हणाले, "तू तुझं सांबार बघ."

रसाचं भांडं उचलून गाडी निघाली. धुतलेल्या जमिनीच्या एका खळग्यात ओल राहिली होती. तिथेच गाडीला हिसका बसला, रस सांडला आणि ओलीवर पडताच फटाक्यासारखा उसळला. उघड्या नळ्या फुटल्या. तेल पेटलं, माळा पेटल्या.

"उडी मार, आरुकुट्टी!"

"साच्यांपाशी माणसं कोंडलीत, अय्या. मी उतरलो तर भांडं त्यांच्या अंगावर जाईल."

तेल गळेल तसं भांडं कलत होतं. त्यानं ती पेटलेली गाडी मागे रेटत वाळूच्या ढिगापाशी नेली. भांडं वाळूत आडवं झालं, तेव्हाच त्याचा हात सुटला. लोकांनी त्याला ओढून काढलं, तोवर पाय गुडघ्यापर्यंत भाजले होते.

इस्पितळात वेलुचामी भिंतीला टेकून उभे होते. आरुकुट्टीची बायको मयिलात्ता त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, "पूजेत गाडी फार सुंदर दिसत होती, अय्या."

वेलुचामी खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. रामात्ताळनं त्यांना रडू दिलं. मग म्हणाली, "आपण हत्यार नटवलं, जपलं नाही. ज्याच्या भरवशावर माणूस आगीत जातो, त्याला जपणं हीच त्याची पूजा."

पुढच्या वर्षी पूजेच्या ताटात फुलांआधी नळ्यांचं कोरं आवरण होतं. वेलुचामींनी त्याला कुंकू लावलं, वस्त्र नेसवावं तसं स्वतः गाडीला बांधलं आणि जमीन खडखडीत वाळेपर्यंत भट्टी पेटवू दिली नाही.

आरुकुट्टी जगला, पण डावा पाय गेला. पुढे तो फाटकाशी बसे आणि आवरण हातानं चाचपल्याशिवाय गाडी आत सोडत नसे. मयिलात्ता वेलुचामींशी पुन्हा कधी बोलली नाही. वेलुचामी गेले, मुलांनी फाउंड्री विकली. रामात्ताळ आज लेकीकडे आहे, तिला फारसं दिसत नाही, पण चुलीजवळ पाऊल वाजलं की अजून विचारते, "हातात फडकं आहे ना? कोरडं आहे ना?"

वाचकहो, यंत्राला हार घाला, अवश्य घाला. पण आधी त्याला आगीपासून झाका. त्याच्या आड आपलंच माणूस बसलेलं असतं.