पान एकोणीस

कोर्टाच्या रेकॉर्ड रूममधल्या कारकून बाईला सगळं ऑफिस चौकशीबाई म्हणायचं, आणि तोंडावर म्हणायचं. तिला त्याचा राग यायचा नाही. पंचवीस वर्षांपूर्वी ती नोकरीला लागली तेव्हा त्या वेळच्या अधीक्षकांनी तिला एकच धडा दिला होता: कागद शोधायचा असतो, वाचायचा नसतो. यातला पहिला अर्धा धडा तिने मनापासून गिरवला. दुसऱ्या अर्ध्याच्या वाटेला ती कधी गेलीच नाही. फाईल हातात आली की कोण कोणाशी का भांडलं आणि शेवटी कोणाची जिरली, हे कळल्याशिवाय तिच्या डब्याचं झाकण उघडत नसे. घरी नवरा म्हणायचा, दुकानदाराने साखर पुडीत बांधून दिली तर ही आधी पुडीचा कागद वाचते, मग साखर सांडली ते तिच्या लक्षात येतं.

तर एका मंगळवारी सकाळी तिच्या खिडकीशी साठीच्या एक बाई येऊन उभ्या राहिल्या. खांद्याला पिशवी, हातात नकलेचा अर्ज. अर्जावर साल होतं, वडिलांचं नाव होतं, केस नंबर नव्हता. एक्कावन्न वर्षांपूर्वीचं प्रकरण होतं, दोन मुलींच्या ताब्याचं.

"कारणाचा रकाना कोरा आहे, ताई," चौकशीबाई म्हणाली. "भरावा लागतो."

तो रकाना गेल्या दहा वर्षांत कोणी भरला नव्हता, आणि भरला नाही म्हणून कोणाचं काही अडलंही नव्हतं. पण असली संधी चौकशीबाई हातची जाऊ देणारी नव्हती.

बाईंनी पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. "चार ओळींत मावणार नाही हो. तोंडी सांगितलं तर चालेल का?"

न चालायला काय झालं? चौकशीबाईने आतून स्टूल आणून दिलं.

"आईबाबा वेगळे झाले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. धाकटी पाचाची," बाई सांगू लागल्या. "न्यायाधीश साहेबांनी मला आत बोलावून विचारलं, कोणाकडे राहायचं म्हणून. मी म्हणे सांगितलं, बाबांकडे. आई मला नको. आत्या जन्मभर हेच सांगत आली. जेवताना, झोपताना, पाहुणे आले की. मला स्वतःला काही आठवत नाही. टेबलावर काचेचा पेपरवेट होता, त्यात निळं फूल होतं, एवढं आठवतं."

"आणि आई?"

"धाकटीला घेऊन मामाकडे गेली. मला भेटायला कधी आली नाही. मीही गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार? धाकटी करते अधूनमधून फोन." त्यांनी पिशवी खांद्यावरून मांडीवर घेतली. "आता आई दवाखान्यात आहे. डॉक्टरांनी चार-आठ दिवस सांगितलेत. धाकटी म्हणते, ये. मी गाडीत बसायला निघते आणि पाय उचलत नाही. मी खरंच तसं म्हणाले असेन तर जाऊन पाय धरीन. पण कशाची माफी मागतेय ते तरी मला माहीत पाहिजे ना?"

चौकशीबाईने अर्जावर शिक्का मारला, फोन नंबर लिहून घेतला आणि सांगितलं, उद्यापर्यंत बघते.

रेकॉर्ड रूम म्हणजे इमारतीच्या पोटातली एक लांबलचक खोली. छतापर्यंत लोखंडी घोडे, त्यांवर कापडात बांधलेले गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी, आणि भिंतीच्या पार वरच्या बाजूला दोन खिडक्या, ज्यांतून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. चौकशीबाईने सालाचं रजिस्टर काढलं, वडिलांच्या नावावरून नंबर मिळवला आणि त्या नंबराच्या घोड्यापाशी गेली. तिथे काही नव्हतं. फाईल दारापाशी निघाली, लाल सुतळीच्या ढिगात. लाल सुतळी म्हणजे नाश यादी. ताब्याची प्रकरणं पन्नास वर्षं ठेवायची आणि मग रद्दीच्या गाडीत घालायची, असा नियम. गाडी शुक्रवारी येणार होती.

तिने सुतळी सोडली आणि उभ्या उभ्याच वाचायला घेतलं. अर्ज, उत्तर, आत्याचं प्रतिज्ञापत्र, मामाचं पत्र. पहिल्या पानावरच्या अनुक्रमणिकेत स्पष्ट होतं: पान एकोणीस, थोरल्या मुलीचा जबाब. तिने पानं उलटली. सोळा, सतरा, अठरा, वीस.

तिने पुन्हा मोजली. बोट ओलं करून, चिकटली असतील म्हणून चोळून पाहिली. अठरानंतर वीसच.

निकालात त्याबद्दल एकच ओळ होती. "थोरल्या मुलीस समक्ष विचारले. ती वडिलांकडे राहण्यास राजी आहे." चौकशीबाई त्या राजी शब्दापाशी अडली. पंचवीस वर्षांत तिने असे पुष्कळ निकाल वाचले होते. मुलाने जे मागितलं असेल त्याला साहेब लोक इच्छा म्हणायचे. राजी तो, ज्याला दुसऱ्याने काही विचारलेलं असतं. की हा नुसता आपलाच डोक्यातला किडा?

तिने फाईल अधीक्षकांसमोर नेली. आताचे अधीक्षक सज्जन होते, पण निवृत्तीला सात महिने उरले होते आणि कुठल्याही नव्या भानगडीवरून त्यांचा जीव उडाला होता.

"पान गहाळ असा शेरा मारा आणि बाकीच्याची नक्कल देऊन टाका," ते म्हणाले.

"पण बाईंना तेच पान हवंय, साहेब."

"मग मी काय करू? आणू का खिशातून?"

"गहाळ नाहीये ते. हे बघा, दोऱ्याची भोकं. पान फाडून काढलं असतं तर दोऱ्यात कडेची चिंधी राहिली असती, नाहीतर भोकं तरी ओढली गेली असती. इथे सगळं जसंच्या तसं आहे. ते पान या फायलीत कधी शिवलंच गेलं नाही."

अधीक्षकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "शुक्रवारी गाडी येतेय. तोवर तुम्ही आणि तुमचा ताप."

परवानगी म्हणून चौकशीबाईला एवढं पुरेसं होतं.

त्या रात्री ती अंथरुणात टक्क जागी राहिली आणि नवऱ्यालाही जागं ठेवलं. सकाळी बसमध्ये तिच्या डोक्यात उजेड पडला. त्या काळी न्यायाधीशांचा कारकून संध्याकाळी पानांवर आकडे घालायचा आणि दिवसभराचे सुटे कागद आपापल्या फायलींच्या पोटात खोचून एकाच चळतीने शिपायाकडे पाठवायचा. शिपाई दुसऱ्या दिवशी दाभण-दोरा घेऊन ते शिवायचा. त्या शिपायाच्या कथा तिने जुन्या लोकांकडून ऐकल्या होत्या. हाताला वेग होता आणि तोंडालाही. शिवता शिवता गप्पा रंगल्या की वरच्या फायलीतला कागद खालच्या फायलीत शिवायचा आणि त्याचा त्यालाच पत्ता नसायचा. म्हणजे पान एकोणीस त्या दिवशी चाललेल्या दुसऱ्या कुठल्या तरी प्रकरणाच्या पोटात असणार.

त्या तारखेच्या बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या कामाच्या यादीत, हे सोडून आणखी नऊ प्रकरणं होती. सहा कधीच रद्दीत गेली होती. उरली तीन, तीनही जमीनजुमल्याची, आणि ती कायम ठेवायची असतात. नवराबायको, लेकरं, मारामाऱ्या सगळं पन्नास वर्षांत संपतं, भिंती आणि बांध मात्र कोर्ट कधी टाकून देत नाही. याचं तिला नेहमीच हसू यायचं.

बुधवारी दुपारपर्यंत तिने पहिल्या दोन फायली पालथ्या घातल्या. चारशे चारशे पानं, नुसती मोजमापं आणि नकाशे. डबा तसाच राहिला. तिसरी फाईल दोन शेजाऱ्यांची होती. मधल्या भिंतीवरून त्यांनी अकरा वर्षं कोर्टाची पायरी झिजवली होती आणि निकाल लागेपर्यंत भिंत आपणहून पडली होती. आता हे वाचायची गरज होती का? नव्हती. तरी तिने वाचलं. सतरा, अठरा, एकोणीस, एकोणीस, वीस.

पहिल्या एकोणीसवर विटांचा हिशेब होता. दुसऱ्यावर वरच्या कोपऱ्यात ताब्याच्या प्रकरणाचा नंबर दिसला आणि खाली लहान मुलाच्या अक्षरातली, ओळ सोडून वर गेलेली सही.

चौकशीबाईने ते पान पालथं केलं आणि वर हात ठेवून बसली. नोकरीत पहिल्यांदाच हातात आलेला कागद तिने वाचला नाही. हे त्या बाईंच्या आधी आपण वाचणं बरोबर नाही, असं तिला अगदी आतून वाटलं. वाटलं खरं, पण तिचे डोळे सारखे तिकडे जात होते, म्हणून शेवटी तिने फाईल मिटून त्यावर टायपिंग मशीन ठेवलं आणि बाईंना फोन केला.

गुरुवारी कोर्ट उघडायच्या आधीच बाई पायरीवर बसलेल्या होत्या. चौकशीबाईने त्यांना आत घेतलं, पाहणीच्या रजिस्टरवर सही घेतली आणि भिंतीच्या खटल्याची फाईल त्यांच्यापुढे उघडून ठेवली. बाईंनी आधी सहीवर बोट ठेवलं. ते बोट तिथून हलेना.

"तुम्हीच वाचा," त्या म्हणाल्या. "मला नाही जमायचं."

चौकशीबाईने घसा साफ केला आणि एका दमात न वाचता सावकाश वाचलं.

"प्रश्न: तुला कोणाकडे राहायला आवडेल? उत्तर: आईकडे.

"प्रश्न: आणि बहिणीला? उत्तर: तिलाही आईकडे.

"प्रश्न: एकाच मुलीला घरात ठेवून घेईन, असे तुझ्या मामाने कळवले आहे. हे तुला कोणी सांगितले आहे का? उत्तर: नाही.

"मुलगी थोडा वेळ गप्प राहिली.

"उत्तर: मग धाकटीला न्या. ती एकटी झोपत नाही.

"प्रश्न: म्हणजे तू वडिलांकडे राहशील? उत्तर: राहीन. पण आईला सांगू नका. ती रडेल."

त्याखाली साहेबांची सही होती, मग ती वर गेलेली छोटी सही. दुसऱ्या कोणाची नव्हती. खोलीत त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं हे त्यावरून कळत होतं. साहेबांनी नऊ वर्षांच्या पोरीचा शब्द पाळला होता आणि निकालात नुसतं राजी आहे एवढंच लिहिलं होतं. आत्याने त्या एका ओळीत आई नको हे पदरचं घालून पन्नास वर्षं स्वयंपाक केला.

बाई रडल्या नाहीत. त्या बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या, अनोळखी घरातलं एखादं धीट पोर बघावं तशा. मग म्हणाल्या, "किती शहाणी होती हो."

चौकशीबाईला मात्र नाक पुसावं लागलं. ते लपवायला ती कामाचं बोलली. "मी आजच अहवाल लिहिते, पान तिकडच्या फायलीत लावून घेते. मग रीतसर नक्कल मिळेल. पण एक अडचण आहे, ताई. ती फाईल उद्याच्या गाडीत जाणार. पान तिथे लावलं की त्याच्याबरोबर तेही जाणार. नक्कल तेवढी राहील तुमच्याकडे."

"आणि इथेच राहिलं तर?"

"भिंतीची फाईल कायमची आहे. आपण सगळे जाऊ, ती राहील. पण चुकीच्या जागी."

बाईंनी विचार केला. बाहेर वरच्या खिडकीतून पायांची एक जोडी गेली, मग दुसरी.

"नक्कल नको मला," त्या म्हणाल्या. "धाकटी असं धरून वाढलीय की आईने दोघींतून तिला निवडलं. तेवढंच तिच्या वाट्याला आलंय, मामाच्या घरात दुसरं काही मिळालं नाही तिला. हा कागद माझ्या पिशवीत असला तर कधी ना कधी तिच्या हाताला लागेल. राहू दे इथेच. चालेल का तुम्हाला?"

नियमाने अजिबात चालणारं नव्हतं. चूक दिसली की दुरुस्त करायची, पंचवीस वर्षं ती याच भाकरीवर जगली होती. तिने अर्ज पुढे ओढला आणि त्यावर लिहिलं: पाहणी दिली, अर्जदारास नक्कल नको, अर्ज निकाली. पानाच्या जागेबद्दल तिने अवाक्षर लिहिलं नाही. भिंतीची फाईल तिने स्वतः बांधली आणि गाठ नेहमीपेक्षा घट्ट मारली.

बाई उठल्या. पिशवी खांद्याला लावून घड्याळ बघितलं. दीडची गाडी होती.

चौकशीबाईकडे निदान दहा प्रश्न होते. मामा असा कसा होता, बाबांनी पुढे कसं वागवलं, आत्या अजून आहे का. तिने त्यातला एकच विचारला, आणि तोही दबकत. "आईला सांगाल?"

"धाकटीला पाच मिनिटं खाली चहाला पाठवते आणि सांगते," बाई म्हणाल्या. "एक्कावन्न वर्षं झाली, आईलाही वाटत असेल, लेकीने नको म्हटलं म्हणून." त्या दारापर्यंत गेल्या आणि तिथून मागे न बघताच म्हणाल्या, "रडेल ती. आता रडू दे."