आईच्या दारावरचा डोलेराइट

मला सगळे काळा ग्रॅनाइट म्हणतात. दुकानदारही, गिऱ्हाईकही. साफ चूक. मी डोलेराइट आहे. बोलायला मिळालंच आहे तर आधी हे सांगून टाकतो.

ग्रॅनाइट आणि मी, दोघंही जमिनीखालच्या वितळलेल्या रसातून झालो. तो खोल राहिला, अगदी सावकाश थंड झाला. म्हणून त्याचे कण ठसठशीत, लांबूनही दिसणारे. मी वर घुसलो, खडकाच्या एका फटीत, आणि त्या मानाने लवकर थंडावलो. माझ्या कणांना वाढायला वेळच मिळाला नाही. त्याच्यात गारगोटीचा भरणा, म्हणून तो उजळ. माझ्यात लोखंड जास्त, म्हणून मी काळा आणि जड. यात लहानमोठं काही नाही. पण जो सावकाश तयार होतो त्याला माणसं खानदानी म्हणतात. नुसतं वय झालं की अक्कल येते, अशी त्यांची समजूत असते.

पाट्या कोरणाऱ्याच्या दुकानात मी भिंतीला टेकून पडलो होतो, मोठ्या लादीचा उरलेला तुकडा. एक दिवस तिथे तिघं आली. एक मुलगी, तिची आई आणि मोठे काका. आई शिवणकाम करायची. गळ्यातली टेप काढायचीही राहून गेली होती. अख्खं घर तिच्या मशीनवर चालायचं, काकांच्या चहासकट.

कोरणाऱ्याने मला पुढे केलं. काकांनी पायाने बाजूला सरकवलं.

"पाटी दारावर लावायचीय, मोरीत नाही. गुलाबी ग्रॅनाइट दाखवा."

मजकूरही त्यांनीच सांगितला. वर काकांचं नाव, ढब्बू अक्षरांत. खाली उरलेल्या जागेत आईचं, केसाएवढ्या रेघांनी. असं बारीक अक्षर गुलाबीवर टिकत नाही, हे कोरणाऱ्याला ठाऊक होतं. पण वडीलधाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, ही त्याची धंद्याची रीत. मान डोलावून तो कामाला लागला.

काकांचं नाव झकास उठलं. खालच्या ओळीत मात्र छिन्नी लागली की अख्खा कणच निखळायचा. रेघ कणापेक्षा बारीक, राहणार कशी? तिघं पाटी न्यायला आली तेव्हा आईच्या नावाच्या जागी नुसते टवके होते.

काकांनी वाकून पाहिलं. म्हणाले, "असू दे. तिचं नाव वाचायला कोण येतंय?"

मुलगी भडकली. सगळी गल्ली कपडे घेऊन कोणाकडे येते, तुमच्याकडे का, असं तिने तोंडावर विचारलं. मोठ्यांशी कसं बोलावं यावर काकांचं व्याख्यान सुरू झालं. ते चालू असतानाच तिने मला उचललं, बाहीने धूळ पुसली आणि आईपुढे धरलं. याचे कण दिसतसुद्धा नाहीत, याच्यावर बारीक अक्षर नीट येईल, म्हणाली.

आईने माझ्यावरून बोट फिरवलं, कापडाचा पोत बघावा तसं. मग कोरणाऱ्याकडे वळली.

"माझं एकटीचं नाव टाका. आणि बारीक नको."

काका बाहेर जाऊन उभे राहिले.

आता मी शिवणाच्या खोलीच्या दारावर आहे. काळ्यावर तिचं नाव राखाडी उठलंय, रंग भरावा लागला नाही. परवा काका पँट उसवली म्हणून आले. दारातूनच "अगं ए" म्हणाले. आत मशीन चालूच राहिलं. पुन्हा म्हणाले. चालूच. शेवटी त्यांनी मान वर केली, मला वाचलं आणि नावाने हाक मारली.

मशीन थांबलं.

तुम्हीही कधी आलात तर नुसती कडी वाजवू नका. नाव लिहिलंय. ते घ्या.