कपाळावरचं ऊन

तुळशीदास सरांनी चित्रातल्या कपाळावर तांबडा ठिपका टेकवला आणि लगेच त्यांचा हात आखडला. हे आपण काय करून बसलो?

समोर ओसरीवर कुशाबाई लाल मिरच्यांची देठं खुडत होत्या. मांडीवरच्या सुपात मिरच्या, पायाशी त्यांचाच ढीग. सकाळचं ऊन त्या मिरच्यांवर पडून खालून चेहरा उजळत होतं. हनुवटी नारिंगी, पदराच्या सावलीत मानेवर निळसर जांभळं, आणि दोन भुवयांच्या मधोमध तांबूस उजेड. सरांनी दिसलं तसं लावलं होतं. पण कुशाबाईंचा नवरा जाऊन तेवीस वर्षं झाली होती.

बोरी बुद्रुकच्या शाळेत सरांनी तीस वर्षं पोरांकडून दोन डोंगर आणि मधला सूर्य काढून घेतला. स्वतःचं म्हणावं असं चित्र कधी कुणाला दाखवलं नाही. त्यांचा जुना विद्यार्थी धर्माजी परवा घरी आला आणि त्याने आईचं, कुशाबाईंचं चित्र काढून मागितलं. मतदानाच्या कार्डावर आईचा फोटो म्हणजे नुसता काळा डाग, दुसरा फोटो नाही, आणि उद्या तिला ऑपरेशनसाठी पुण्याला न्यायचं होतं. चित्र कशासाठी हवं ते त्याने सांगितलं नाही, सरांनीही विचारलं नाही.

धर्माजी गोठ्यातून हात पुसत आला. आईच्या मानेला निळं काय लागलंय, असं त्याने हसतच विचारलं. मग त्याची नजर वर गेली.

"सर, हे कुंकू हाय?"

"उजेड आहे," सर पुटपुटले. त्यांनी मिरच्यांकडे बोट केलं.

"मला कळंल वो. भावकीला काय सांगू? इधवा बाई हाय. तेवढं पुसा."

सरांनी चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली. त्याचंच बरोबर असेल. आपल्याला दिसतं ते आजवर दुसऱ्या कुणाला दिसलंय? पण तेवढं पुसलं की सगळा चेहरा विझणार, आणि पुन्हा लावायला उद्या कुशाबाई समोर नसणार.

"काय पुसाय लावतोस रं मास्तरला?" कुशाबाईंनी मान वर न करता विचारलं.

धर्माजी नुसते हात पुसत राहिला. शेवटी सरांनीच अडखळत सांगितलं. कुशाबाईंनी हातातली मिरची पुरी खुडली, सुपात टाकली.

"मास्तर, तुमी थांबा वाईच. धर्मा, हिकडं ये. आदी हितलं पूस."

त्यांनी कपाळ पुढे केलं. धर्माजी ओशाळला. आईने कपाळ मागे घेतलं नाही, तेव्हा तो गुडघ्यावर बसला. त्याने अंगठा फिरवला. एकदा हलकेच, मग जरा जोराने. तांबडं त्याच्या नखावर चढलं. अंगठा बाजूला झाला की ते पुन्हा आपल्या जागी येई.

तिसऱ्यांदा त्याने हात उचलला नाही. तो तसाच आईच्या कपाळावर राहिला.